उपकेंद्रात योग शिकवायला निघालेल्या भाचीस

तुळजापूर, ज्येष्ठ

चि. सोनू हिस,


तुझ्या आईचा फोन आला होता. लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावी, आरोग्य उपकेंद्रात योगाचे वर्ग घ्यायला तू निघालीस हे कळलं. मानधन वर्गामागे मोजून मिळणार, म्हणून ताई जरा नाराज आहे. "एवढं शिकली आणि शेवटी खेड्यातच," असं दोनदा म्हणाली. तिची समजूत मी काढतो. तू जा. आयुष्यभर शाळेत पीटीचा तास घेतलेल्या मामाचं थोडं ऐकून घे, एवढंच.

पुण्यात तू ज्यांच्यासोबत शिकलीस त्यांचं दुखणं खुर्चीचं होतं. दिवसभर बसून आखडलेली माणसं. त्यांना वाकवलं की बरं वाटतं. इथे उलटं आहे. तुझ्या वर्गात येणारी बाई सकाळी भाकऱ्या बडवून वावरात गेलेली असते आणि उन्हं कलेपर्यंत खुरपत असते, उकिडवी, पाठ कमानीसारखी करून. सोयाबीन काढणीला तर कंबर सरळ करायलाही उसंत नसते. मालासन तिला शिकवायला जाऊ नकोस, ते ती तुझ्यापेक्षा चांगलं करते. आणि आल्या आल्या पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन घेतलंस तर दिवसभर जे केलं तेच पुन्हा करायला लावशील. तिला उलटी दिशा हवी. पालथं पडून मकरासन, छाती जेमतेम उचलणारं भुजंगासन, उताणं होऊन सेतुबंध. मार्जारासन सगळ्यांना आवडतं, कारण त्यात कोणी पडत नाही आणि हसू येतं. शेवटी बाजेवर पोटऱ्या टेकवून जमिनीवर पाठ सोडायची. कंबर जमिनीला लागते तेव्हा बायकांच्या तोंडून जो ‘आई गं’ निघतो ना, तो ऐक एकदा. मग वर्ग चालेल की नाही याची काळजी करावी लागणार नाही.

पन्नाशी-साठीच्या बायकांच्या हाडांचं भान ठेव. वय झालेलं, पाळी जाऊन वर्षं झालेली, अंगावर काढायची सवय. हाडं ठिसूळ असली तर पुढे जोर देऊन वाकल्याने मणका दबू शकतो. गुडघे गेलेल्यांना वज्रासनात बसवू नकोस, खुर्ची दे. डोक्यावर पाण्याची घागर आणि कडब्याची पेंढी वाहून ज्यांच्या माना आधीच धरल्यात त्यांच्याकडून सर्वांगासन, शीर्षासन करून घ्यायचं नाही, म्हणजे नाहीच. बीपीवाल्यांना श्वास कोंडून धरायला लावायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काही नको. गरोदर बाई, हर्निया, नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस यांना कपालभाती नको. टीव्हीवर बघून घराघरात सगळे फुसफुस करतात, म्हणून ते सगळ्यांना मानवतं असं नाही.

मॅट मागवायच्या फंदात पडू नकोस. वाकळ चालते. पट्ट्याऐवजी जुन्या लुगड्याची घडी घे. बी. के. एस. अय्यंगारांचं नाव तू रोज घेतलंस, पण त्यांचं मोठेपण कशात होतं ते बघ. लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षय यांनी पोखरलेला हा मुलगा 1937 साली पुण्याला शिकवायला आला आणि शेवटपर्यंत पुण्याचाच झाला. ज्याचं अंग वाकत नाही त्याच्यासाठी खुर्ची, वीट, दोरी, पट्टा असा आधार शोधायचा हे त्यांनी जगाला दाखवलं. शरीर आसनाकडे गेलं नाही तर आसन शरीराकडे आणायचं. लोहाऱ्यात वीट आणि दोरी कमी पडणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट. ते गाव भूकंपानंतर नव्याने वसवलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी-सास्तूरच्या त्या पट्ट्यात आज साठीला आलेली बाई तेव्हा तिशीच्या आतली, पदरात लेकरं असलेली होती. तिला तू अंधाऱ्या खोलीत उताणी झोपवून "डोळे मिटा, अंग सैल सोडा, जमीन तुम्हाला धरून आहे" असं म्हणशील, आणि ती ताडकन उठून बसेल. तसं झालं तर कारण विचारत बसू नकोस. दार उघडं ठेव, दिवा लावून ठेव, डोळे उघडे ठेवले तरी चालतील असं आधीच सगळ्यांना सांग. कुशीवर झोपलेलं शवासनही शवासनच. आणि ‘जमीन’ हा शब्द तेवढा टाळ.

वेळेचंही बघ. सकाळी सहाचा वर्ग म्हणजे ज्यांना चूल नाही त्यांचा वर्ग. बायकांना विचारून वेळ ठरव, बाजाराच्या दिवशी सुट्टी दे. 21 जूनचा योग दिन 2015 पासून आपण करतो. त्या दिवशी आपल्याकडे मृग सरून आर्द्रा लागत असतात आणि पाऊस झाला असेल तर सगळं गाव पेरणीला असतं. शाळेच्या मैदानावर पोरं आणि मास्तरच दिसले तर हिरमुसू नकोस. पेरणी टाकून सूर्यनमस्कार घालायला आलेला शेतकरी मला दिसला तर मीच त्याला घरी पाठवीन.

लोक तुला प्रश्न विचारतील. पहिला प्रश्न: हे किती जुनं? भाषणात पाच हजार वर्षं म्हणायची पद्धत आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर मांडी घालून बसलेली आकृती आहे, तिच्यावरून हा आकडा येतो. ती आकृती योग्याचीच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तू तेवढ्या लांब जाऊच नकोस. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत जा. पार्श्वनाथांची पद्मासनातली मूर्ती तिथे आहे, हजार वर्षांहून कितीतरी जुनी. पाठ बघ तिची. ताणलेली नाही, ढिलीही नाही. पतंजलींनी आसनाबद्दल जे सांगितलंय, की बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं, ते त्या दगडात आहे. वर्गातल्या पोरांची सहल काढायचीच असेल तर तिथे काढ.

आणि पतंजलींचं म्हणशील तर, योगसूत्रं दोनशेच्या आत आहेत आणि त्यातली आसनावरची फक्त तीन. बाकी सगळं मनाविषयी, ते कसं धावतं, कसं आवरतं याविषयी. आठ अंगांत आसन तिसरं येतं. पहिले यम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. ही पाच नावं वाचून भूम तालुक्यातला एखादा जैन आजोबा म्हणेल, ही तर आमची व्रतं. बरोबर आहे त्याचं. जैनांची पाच महाव्रतं हीच, आणि पतंजलीही यमांना ‘महाव्रत’च म्हणतात. त्याच भूम तालुक्यात कुंथलगिरीला आचार्य शांतिसागरांनी 1955 मध्ये सल्लेखना घेऊन देह ठेवला. म्हणजे या विद्येची मालकी कोणा एकाची नाही. आपल्या एका जिल्ह्यात हिंडलीस तरी ते कळेल.

गावात हरिनाम सप्ताह असेल, ज्ञानेश्वरीचं पारायण चालेल. सहावा अध्याय कधी लागतो ते विचारून त्या दिवशी जाऊन बस. कुंडलिनीचं इतकं तपशीलवार, मराठीत, सामान्य माणसाला ऐकवता येईल असं वर्णन त्याआधी कोणी केलं नव्हतं. ज्ञानेश्वर नाथपंथाच्या परंपरेतले: मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनीनाथ, मग निवृत्तिनाथ. पण गंमत अशी की योगाची एवढी वाट दाखवणारे हेच ज्ञानेश्वर बाराव्या अध्यायात सांगतात की हा मार्ग फार अवघड, भक्तीचा सोपा. म्हणून वर्गातली एखादी माळकरी म्हातारी "मला हे काही नको, मी हरिपाठ म्हणते" म्हणाली, तर तिला वर्गाबाहेर काढू नकोस. म्हणू दे.

कारण श्वासाचं काम तिथेही होतं. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांचा एक अभ्यास आला होता. ख्रिस्ती लोक लॅटिनमध्ये जपमाळ ओढतात ती आणि एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणायला लावून त्यांनी माणसांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची लय व रक्तदाब सांभाळणारी शरीरातली व्यवस्था जास्त सजग झाली. शब्द कोणते, यापेक्षा सोडलेला श्वास लांबला हे महत्त्वाचं. तेव्हा नळदुर्ग-परंड्याकडची एखादी मुसलमान पोरगी वर्गाला आली आणि ओंकार म्हणायला संकोचली, तर तिला नुसतं भुंग्यासारखं गुणगुणायला सांग. भ्रामरीत ओंकार सक्तीचा नाही. कोणी यावरून कुरकुरलं तर त्याला माझ्याकडे धाड.

सूर्यनमस्काराविषयी पोरांना अभिमानाने सांग, पण खरं सांग. जुन्या हठग्रंथांत हा व्यायाम सापडत नाही. हठप्रदीपिकेत आसनं पंधरा, त्यातली बरीचशी बसून करायची. सूर्यनमस्कार घरोघर नेले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, शंभरएक वर्षांपूर्वी. स्वतः रोज घालत, संस्थानातल्या शाळांत घालायला लावत. राजाने केलेली ही बहुधा एकमेव सक्ती, जिच्याबद्दल मला तक्रार नाही.

दुसरा प्रश्न ठरलेला: याने साखर जाते का, बीपी जातं का? इथे जीभ सांभाळ. जुनी कंबरदुखी, झोप, धास्ती यांवर योगाचा उपयोग होतो. रक्तदाब थोडा उतरतो. औषधाच्या जोडीला केला तर साखरही थोडी आटोक्यात येते. ‘थोडा’ हा शब्द गाळायचा नाही. लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचं उदाहरण ठेव डोळ्यांपुढे. अमळनेरला शिकवणारा हा माणूस, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. नौली केल्यावर पोटात नेमकं काय होतं हे गुरूवर विश्वास ठेवून सांगता आलं असतं. त्यांनी क्ष-किरणांपुढे माणूस उभा केला, आतड्यातला दाब मोजला आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं. 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी प्रयोग छापायला ‘योगमीमांसा’ सुरू केलं. श्रद्धा होतीच, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही हा बाणा. तुझ्याकडे क्ष-किरण नाहीत, पण उपकेंद्रात बीपीचं मशीन आहे आणि साखर तपासायची पट्टी आहे. आशाताईला आणि तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना धरून पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा आकडा वहीत लिही. तीन महिन्यांनी पुन्हा लिही. उतरला तर सांग, नाही उतरला तरी सांग.

बायकांना शवासनात पडून राहायची लाज वाटते, हे तुला दिसेलच. दिवसाढवळ्या झोपलेली बाई म्हणजे आळशी, असं सासूने मनात भरवलेलं असतं. तेव्हा त्यांना आमच्या तुळजापूरची आठवण दे. आई भवानी वर्षातून तीनदा सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते: नवरात्राआधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरीच्या नवरात्राआधी. युद्धाला जायच्या आधीही झोप, जाऊन आल्यावरही झोप. देवीला चालतं तर तुम्हाला दहा मिनिटं का नको, असं विचार. बघ कशा पाठ टेकतात.

एक ताकीद देऊन थांबतो. अहवालासाठी फोटो मागतील. उभ्याने हात वर केलेला एक काढून दे. पाठीवर पडलेल्या, पदर सुटलेल्या बायकांचा फोटो कोणत्याही ग्रुपवर जाता कामा नये. पहिला फोटो गेला की दुसऱ्या दिवसापासून सुना येणं बंद होतील. आणि कोणीही, कितीही विश्वासाने, "आता बरं वाटतंय, गोळी बंद करू का?" असं विचारलं तर तुझं उत्तर एकच: डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही.

ताईला सांग, मी पुढच्या आठवड्यात येतो. तोवर लोहाऱ्याची एसटी किती वाजता सुटते ते विचारून ठेव.

तुझा
मामा