सी-पेप्टाइड कशाला तपासायचे?

नोएडातील एका वाचकाच्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे. सी-पेप्टाइडचा मूत्रपिंडाशी काय संबंध, असे ते विचारतात.

इन्सुलिनचे पूर्वरूप असलेले प्रोइन्सुलिन तुटताना इन्सुलिनइतकेच सी-पेप्टाइडचे रेणू सुटतात. टोचायच्या इन्सुलिनमध्ये ते नसते. म्हणून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे त्यावरून कळते. तरुणांमधला मधुमेह नेमका कोणता, हे ठरवताना ही चाचणी कामी येते.

पूर्वी सी-पेप्टाइड स्वतः निरुपयोगी वाटे! स्वीडनमधील जॉन वाहरेन यांच्या गटाने टाइप-१ रुग्णांना ते दिले, तेव्हा मूत्रपिंडाची अतिगाळणी (गरजेपेक्षा जास्त गाळणे) घटली, स्नायूंतला रक्तप्रवाह वाढला. तरीही त्याचे औषध झालेले नाही.

गोम अशी, की मूत्रपिंडच ते निकालात काढते. मूत्रपिंड थकले, की आकडा फसवा चढतो. म्हणून सोबत क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासावेच.