मंदिरातील पियानो आणि ऐकणारा कान

(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी नाताळपूर्व पाठ)

शास्त्रपाठ : स्तोत्र १५०, १ शमुवेल १६:१४-२३, आमोस ५:१०-२४.

उद्देश : उपासना मंदिरात वाजणारे संगीत कसे ऐकावे, व ते ऐकून उठल्यावर आपणाकडून कशाची अपेक्षा आहे, हे समजून घेणे.



नाताळ जवळ आला की जगातील कित्येक शहरांतल्या जुन्या मंदिरांत विजेचे दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात पियानोवादन होते. आपल्या देशात जुन्या गोव्यातील टेकडीवरच्या मोंत कपेलात पाश्चात्त्य व भारतीय शास्त्रीय संगीताचा महोत्सव पुष्कळ वर्षे भरत आला आहे. उद्या धार किंवा देवास येथील तरुण संघाने पंचांपुढे प्रश्न ठेवला की, "आपल्या मंदिरात असे का करू नये?", तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे? हा पाठ त्यासाठी आहे.

१. वाद्य परके आहे काय?

पहिली हरकत बहुधा हीच निघेल की, पियानो हे साहेबांचे वाद्य. आपली पेटी आणि तबला बरा. परंतु पेटीचा इतिहास पाहावा. हार्मोनियम हे एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार झालेले वाद्य होय. कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनचे काम इंदुरात १८७७ साली सुरू झाले व १८९५ साली डॉ. मार्गारेट ओ'हारा यांच्या काळी ते धारपर्यंत पोहोचले. ह्या प्रेसबिटेरियन परंपरेचे मूळ स्कॉटलंडात. तेथे उपासनेत वाद्यच नको असा दंडक होता. १८६३ साली एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स मंदिरात हार्मोनियम आला तेव्हा मोठा वाद माजला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने तर वाद्यांना परवानगी दिली ती १८८३ साली. इकडे आकाशवाणीनेही १९४० साली हार्मोनियमला बंदी केली. तो परका आहे आणि त्याच्यावर मींड निघत नाही, अशी कारणे सांगितली जात. ती बंदी १९७१ साली काही अंशी उठली. आज मात्र पेटीवाचून भजन सुरू होत नाही!

स्तोत्र १५० मध्ये कर्णा, वीणा, डफ, बासरी, झांजा असे सर्व प्रकार एका पंक्तीस बसविले आहेत. तेव्हा वाद्य कोठले, हा प्रश्न येथे सोडून देऊ.

२. पियानो कसा ऐकावा?

सुमारे १७०० साली फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य बनविले. पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर आपटते व लगेच मागे येते. गळ्यातून निघालेला स्वर वाढविता येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येतो. पियानोचा स्वर मात्र जन्मला की लागलीच विरू लागतो. म्हणून तो ऐकताना स्वर विरेपर्यंत त्याच्यामागे जावे लागते. दगडी भिंतींच्या उंच मंदिरात नाद रेंगाळतो. तेथे जलद गती एकमेकींत मिसळून गोंधळ होतो, संथ रचना खुलते. मंद उजेडाचा उपयोगही एवढाच : डोळा इकडेतिकडे फिरत नाही, आणि कान जागा होतो.

एक उदाहरण घ्या. योहान सेबास्टियन बाख याने १७२३ साली लाइपझिगच्या मंडळीसाठी एक कॅन्टाटा, म्हणजे गायक व वाद्यवृंद यांची उपासनेतील रचना, सादर केली. बाखच्या कॅन्टाटांच्या यादीत तिचा क्रमांक १४७ आहे. तिच्यातील प्रसिद्ध कोरस मायरा हेस ह्या इंग्रज वादिकेने पियानोसाठी उतरविला व तो १९२६ साली छापला गेला. त्यात भोवती एक धावती सुरावट असते आणि मधून मधून मंडळीच्या गीताची चाल संथपणे येते. मुलांना ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि ती चाल आली की हात वर करावयास सांगावे. दुसऱ्या वेळेस त्यांचे कान आपोआप तिची वाट पाहतील.

३. ऐकणाऱ्याचे काम

दाविदाने वीणा वाजविली ती सभेपुढे नव्हे, तर एका व्याकूळ माणसापुढे. शौलाला बरे वाटावे एवढाच तिचा हेतू होता.

देवासला ह्याच्या जोडीचे एक उदाहरण आहे. थोर गायक कुमार गंधर्व क्षयरोगाने आजारी होऊन १९४८ साली तेथे हवापालटास आले. पुढील सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील स्त्रियांची लोकगीते आणि जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत राहिली. पुढे त्यांच्या गायनाला जे नवे वळण लागले, त्यात ह्या ऐकण्याचा वाटा मोठा होता. एरवी ज्यांना कोणी गवई म्हटले नसते, त्यांचे ह्या मोठ्या गवयाने लक्ष देऊन ऐकले. ऐकणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे वर्गाला येथे समजावून द्यावे.

४. आमोसाची कसोटी

त्या लोकांचे वादन बेसूर होते असे आमोस म्हणत नाही. वेशीत गरिबाची दाद लागत नव्हती, म्हणून देवाला त्यांच्या वीणाही नकोशा झाल्या. ज्याने शेजाऱ्याचे ऐकले नाही त्याचे संगीत ऐकले जात नाही, असा ह्याचा सरळ अर्थ आहे.

तेव्हा पंचांनी विचारावयाचे प्रश्न हे : तिकीट लावून दाराशीच कोणाला परत पाठविणार आहोत काय? पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखल्या आहेत? जिना न चढता येणारी आजी कोठे बसेल? मंदिर ही नुसती शोभेची पार्श्वभूमी होत असेल, तर पेटीवरचे एक भजन पुरे. दार सर्वांना उघडे असेल, तर पियानो अवश्य वाजू द्या. मेणबत्त्या काचेच्या पेल्यांत, पडद्यांपासून व पियानोपासून दूर ठेवाव्या. वाळूची बादली जवळ असावी. बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी. पियानो हलविल्यावर काही दिवसांनी सुरांत लावून घ्यावा.

वर्गासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत आज जुने वाटणारे कोणते वाद्य एके काळी नवे होते?
२. शौलासारखा व्याकूळ मनुष्य आपल्या वस्तीत कोण आहे?
३. कोणाचे बोलणे आपण अर्ध्यावर तोडतो?

कृती : वर्गाने एक मिनिट अगदी शांत बसून कानी आलेला प्रत्येक आवाज लिहून काढावा. मग नाताळापूर्वी प्रत्येकाने एका आजारी किंवा वृद्ध व्यक्तीकडे जावे, अर्धा तास बसावे, आणि आपण कमी बोलून तिचे ऐकावे. पुढील रविवारी ती काय म्हणाली हे सांगू नये. ऐकणे कठीण गेले की सोपे, एवढेच सांगावे.