निवृत्तीनंतरची पाठवणी
(मिशन महिन्यानिमित्त अभ्यासपाठ)



ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, तसाच तो मिशनचाही महिना. १९२६ साली पोप पायस अकरावे यांनी या महिन्यातील शेवटून दुसरा रविवार साऱ्या जगासाठी मिशन रविवार म्हणून नेमून दिला. 'मिशनरी' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातला तरुण धर्मगुरू किंवा दूरच्या दवाखान्यात राबणारी धर्मभगिनी उभी राहते. साठी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, नातवंडांत रमलेले नवरा-बायको काही आपल्या डोळ्यांपुढे येत नाहीत. आजच्या पाठात आपण अशाच जोडप्यांचा विचार करणार आहोत. उतारवयात देवाच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या पतिपत्नींचे रोजचे जीवन कसे असते आणि त्यातून आपण काय शिकावे?

१. पवित्र शास्त्रातील दोन जोडपी

पहिले जोडपे अब्राहाम आणि सारा. देवाच्या हाकेला ओ देऊन अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता (उत्पत्ती १२:४). सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. आजच्या हिशेबाने दोघेही केव्हाच निवृत्त झालेले! या दोघांनी परमुलखात काय केले? मोठी भाषणे केल्याचे शास्त्र सांगत नाही. ती दोघे तंबूत राहिली, गुरे सांभाळली, दुष्काळ सोसला. मम्रे येथे भर दुपारी तीन अनोळखी वाटसरू दारी आले, तेव्हा अब्राहाम धावत त्यांना सामोरा गेला, साराने पीठ मळून भाकरी केल्या आणि पाहुण्यांना झाडाखाली बसवून जेवू घातले (उत्पत्ती १८). त्या जेवणातच देवाचे वचन त्यांच्या घरी आले. पुढे सारा त्याच परक्या देशात मरण पावली. तिला पुरायला अब्राहामाजवळ स्वतःची वीतभर जमीन नव्हती. त्याने हित्ती लोकांपुढे नम्र होऊन, चारशे शेकेल रुपे मोजून हेब्रोनजवळची गुहा विकत घेतली (उत्पत्ती २३). ज्या देशात पाठवणी झाली तिथेच माती मिळण्याची तयारी या पाचारणात असते.

दुसरे जोडपे प्रिस्किला आणि अक्विला. अक्विला मूळचा पंत प्रांतातला यहुदी. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून घालवून दिले तेव्हा ही दोघे करिंथ नगरात आली. धंदा तंबू शिवण्याचा, आणि संत पौलाचाही तोच धंदा; म्हणून पौल त्यांच्याकडेच उतरला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला (प्रेषितांची कृत्ये १८:१-३). पौल त्या नगरात दीड वर्ष राहिला. नंतर ही दोघे त्याच्याबरोबर इफिसला गेली. तिथे अपुल्लोस नावाच्या विद्वान वक्त्याचे ज्ञान अपुरे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. चारचौघांत त्याचा अपमान न करता त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढे रोममध्ये त्यांच्या घरी श्रद्धावंतांची मंडळी जमत असे, आणि आपल्यासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला अशी नोंद पौलाने केली आहे (रोमकरांस पत्र १६:३-५).

नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा ठिकाणी आहे. सहाही ठिकाणी दोघांची नावे बरोबर येतात, आणि त्यांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी येते. शिवणकाम, पाहुणचार आणि घरातील प्रार्थना ही त्यांची तीन कामे. मिशनकार्य म्हणून वेगळे काही त्यांना शोधावे लागले नाही.

२. ख्रिस्तसभा काय शिकवते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी आहे. म्हणजे मिशन हे काही निवडक लोकांचे खाते नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात प्रिस्किला व अक्विला यांचे उदाहरण मिशनरी दांपत्य म्हणून दिले. १९८८ साली प्रापंचिकांविषयी लिहिताना, वय झाले म्हणून कोणी आपल्या प्रेषितकार्यातून मोकळा होत नाही, या अर्थाची शिकवण त्यांनी दिली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ फेब्रुवारी २००७ रोजीचे संपूर्ण प्रवचन याच जोडप्यावर केले.

ही शिकवण कागदावरच राहिली असे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १९५५ साली प्रापंचिक मिशनरींची एक संस्था सुरू झाली. १९५९ साली तिथेच डॉक्टरांना सहकुटुंब मिशनच्या दवाखान्यांत पाठवणारी संस्था निघाली. मेरीनोल मिशनने १९७५ पासून प्रापंचिकांना, पतिपत्नींनाही, परदेशी पाठवण्यास प्रारंभ केला.

३. एका दिवसाचे चित्र

निवृत्त जोडप्यांना पद्धतशीरपणे पाठवणारा आजचा सर्वांत परिचित गट मात्र आपला नव्हे. अमेरिकेतील यूटा राज्यात मुख्यालय असलेला 'लॅटर-डे सेंट्स' हा पंथ, ज्याला लोक मॉर्मन म्हणतात, हे काम मोठ्या प्रमाणावर करतो. त्यांची देवाविषयीची शिकवण आपल्या श्रद्धेहून मूलतः वेगळी आहे. २००१ साली व्हॅटिकनने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले. हा फरक पुसून टाकण्याचे कारण नाही. तरीही शेजाऱ्याच्या वाडीतील चांगली मशागत पाहून शेतकरी शिकतो, तसे आपणही शिकावे.

त्यांची पद्धत अशी. मुले मोठी झालेले पतिपत्नी सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची मुदत स्वीकारतात. खर्च स्वतःच्या बचतीतून करतात, पगार मिळत नाही. निघण्यापूर्वी थोड्या दिवसांचे प्रशिक्षण होते. छातीवर नावाची काळी पट्टी लागते आणि कालपर्यंतचे आजी-आजोबा 'सिस्टर' आणि 'एल्डर' होतात. तरुण मिशनरींप्रमाणे दारोदार फिरण्याची सक्ती त्यांच्यावर नसते.

समजा असे एक जोडपे पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, आक्रा शहरात आहे. पहाटे उकाड्याने जाग येते. प्रार्थना होते, गोळ्या घेतल्या जातात; मच्छरदाणी नीट खोचली होती ना, याची चौकशी होते, कारण तिथे हिवताप नित्याचा. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी किती उरले ते पाहायचे. पिण्याचे पाणी अर्ध्या लिटरच्या बंद पिशव्यांतून विकत आणायचे. विजेचा भरवसा नाही. २०१२ ते २०१६ या काळात तर वीज इतकी जात असे की 'दुमसोर', म्हणजे विझली-पेटली, हा शब्द तिथे प्रत्येकाच्या तोंडी बसला.

दिवसाचे काम काय? आजोबा हिशेबाच्या वह्या पाहतात. तरुण मिशनरींच्या खोल्यांचे भाडे भरणे हेच एक मोठे काम, कारण तिथले घरमालक बहुधा वर्षा-दोन वर्षांचे भाडे आगाऊ मागतात. मग गाडी काढून त्या खोल्या पाहायला जायचे: पंखा चालतो का, नळ गळतो का, मुले नीट जेवतात का. कोणाला ताप असला तर दवाखान्यात न्यायचे. आजी त्या मुलांना जेवू घालतात, घरची आठवण येऊन रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतात. बाजारात गेल्यावर आधी विचारपूस, मग भाव, ही तिथली रीत शिकावी लागते. डाव्या हाताने पैसे दिले तर तो अपमान समजला जातो. आपल्याकडच्या माणसाला हे सांगावे लागणार नाही, पण अमेरिकेतल्या माणसाला ते मुद्दाम लक्षात ठेवावे लागते. रात्री नातवंडांना फोन करायचा, तर घानात रात्रीचे नऊ वाजलेले असताना यूटात दुपार असते आणि मुले शाळेत असतात.

यात कोठे चमत्कार नाही, गर्दीने भरलेली मैदाने नाहीत. भाडे, नळ, ताप, जेवण. मम्रेच्या झाडाखालीही हेच होते.

४. तीन परीक्षा

पहिली परीक्षा भाषेची. आयुष्यभर जो माणूस गावात चार लोकांना सल्ला देत आला, त्याला परदेशात मीठ मागता येत नाही. लहान मूल दुरुस्त करते आणि लोक हसतात. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये राहिले होते. त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि त्याच भाषेच्या बळावर फ्रान्सिस्कन मिशनरींचे ते दुभाषे झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. भाषा शिकणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात नम्रपणे उभे राहणे. उतारवयात ते अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक पुण्याचे.

दुसरी परीक्षा एकमेकांची. घरी असताना त्यांचा ओटा आणि मित्र वेगळे, तिचे स्वयंपाकघर आणि शेजारणी वेगळ्या. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी मौनाच्याही जागा ठरवून ठेवलेल्या असतात. परदेशात मात्र दोन खोल्यांत चोवीस तास दोघेच. जुनी भांडणे सामानाबरोबर न सांगता येतात. अशा वेळी कोणी क्षमा मागायला शिकतो, कोणी भाजी चिरायला. प्रिस्किलाचे नाव चारदा आधी येते, हे पतींनी विसरू नये.

तिसरी परीक्षा घरच्या बातम्यांची. भाऊ वारल्याचा फोन येतो आणि मातीला पोहोचता येत नाही. सुनेचे बाळंतपण होते आणि सासू परमुलखात असते. मुले म्हणतात, "आम्हांला तुमची गरज असताना तुम्ही परक्यांची सेवा करता!" हा प्रश्न खोटा नाही. त्याला सोपे उत्तरही नाही. आम्हांला वाटते की अशा जोडप्याने मुलांशी बोलल्याशिवाय जाऊ नये आणि केवळ मुलांच्या रागाच्या भीतीने थांबूही नये.

५. रिकामा वेळ आणि मोकळे मन

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) यांनी 'उपलब्धता' या कल्पनेवर फार विचार केला. त्यांच्या विचाराचे सार असे: एखाद्याच्या हाताला काहीही काम नसले तरी तो दुसऱ्यासाठी उपलब्ध असेलच असे नाही. जो स्वतःची प्रकृती, मालमत्ता आणि मानपान यांनीच भरलेला आहे, त्याच्याकडे वेळ असतो, पण जागा नसते. उलट कामात बुडालेला माणूसही दुसऱ्याकडे वळून मनापासून "बोल" असे म्हणतो, तेव्हा तो उपलब्ध असतो.

निवृत्ती आपल्याला रिकामा वेळ देते. मोकळे मन ती आपोआप देत नाही. पेन्शनचा दिवस, डॉक्टरची तारीख, जमिनीचा वाद, टीव्हीवरच्या मालिका यांनी तोच वेळ पुन्हा गच्च भरतो. मिशनवर गेलेले जोडपे फार मोठे काही करते असे नाही. तरुण अभियंता किंवा परिचारिका त्यांच्याहून अधिक काम करील. परंतु तिथल्या एकट्या पडलेल्या तरुणाला घाई नसलेली दोन माणसे भेटतात. वृद्धांजवळ देण्यासारखी ही मोठी देणगी आहे.

इथे एक मोहही आहे. ज्याने आयुष्यभर कार्यालय चालवले, त्याला मिशनमध्ये गेल्यावरही साहेब व्हावेसे वाटते. स्थानिक तरुणाच्या हातातले काम काढून घेणे सोपे असते, कारण आपण ते लवकर करतो. प्रिस्किला आणि अक्विला यांनी अपुल्लोसला शिकवले आणि बोलण्यासाठी पुढे त्यालाच जाऊ दिले. चांगला मिशनरी आपल्या जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करतो.

६. आपल्या धर्मग्रामासाठी

प्रत्येकाने परदेशी जावे असे आम्ही म्हणत नाही. प्रकृती साथ देत नसेल, घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, कर्ज फिटले नसेल, तर घर हेच आपले मिशन. घरच्या कटकटीतून सुटका म्हणूनही कोणी जाऊ नये. संत तेरेजा आपल्या मठाबाहेर मिशनसाठी कधी गेली नाही, तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला मिशनची आश्रयदात्री केले.

परंतु आपल्यातील अनेक आई-वडील मुलांकडे आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात सहा-सहा महिने जातात. नातवंडे सांभाळणे हे पुण्याचेच काम. त्याबरोबर तिथल्या चर्चमध्ये आपले नाव सांगावे, आजाऱ्याला भेटावे, एकट्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना रविवारी जेवायला बोलवावे. मग ती सहा महिन्यांची सहल राहणार नाही, पाठवणी होईल. ज्यांना परदेश शक्य नाही त्यांच्यासाठी तलासरी, डहाणू, जव्हारचा परिसर आपल्याच धर्मप्रांतात आहे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, सुतार, हिशेबनीस यांना तिथे पंधरा दिवसही करण्यासारखे पुष्कळ आहे. इच्छा असलेल्या जोडप्यांनी आम्हांला मिस्सानंतर जरूर भेटावे. दोघांनी मिळून यावे.

चिंतनासाठी प्रश्न
(लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत चर्चा करावी.)

१. आमच्या घरी शेवटचा अनोळखी पाहुणा केव्हा जेवला?
२. निवृत्तीनंतरचा आमचा वेळ कशाने भरला आहे? त्यात दुसऱ्यासाठी जागा किती?
३. पतिपत्नी म्हणून आम्ही दोघांनी मिळून करावी अशी कोणती सेवा आहे?
४. मुलांनो, आई-वडिलांच्या वेळेवर आपलाच हक्क आहे असे आपण धरून चालतो का?

प्रार्थना

हे प्रभू, अब्राहाम आणि सारा यांना तू उतारवयात हाक मारलीस. आमच्या धर्मग्रामातील वयस्कर पतिपत्नींवर तुझी कृपा असू दे. त्यांचे गुडघे दुखत असले तरी त्यांचे मन चालते ठेव. जे दूर गेले आहेत त्यांना सांभाळ, जे घरी आहेत त्यांची दारे उघडी ठेव, आणि आम्हां सर्वांना तुझ्या पाठवणीसाठी तयार कर. आमेन.