दुसरा कॅमेरा निवडताना

सकाळी पीण्या औद्योगिक वसाहतीत तारण मालाची पाहणी आणि सायंकाळी मुलांसह लालबागेतील पुष्पप्रदर्शन, असा दिवस बेंगळुरूतील बँक अधिकाऱ्याच्या वाट्याला येतो. मोठा कॅमेरा तेव्हा घरच्या कपाटातच राहतो. म्हणून खिशात मावणारा दुसरा कॅमेरा हवा. मात्र त्याची निवड केवळ मेगापिक्सेलच्या आकड्यावरून करू नये.

थोडे गणित पाहू. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ६ × ४ इंची छायाचित्रास १८०० × १२००, म्हणजे सुमारे २२ लाख पिक्सेल पुरतात, अवघे २.२ मेगापिक्सेल! गोदामातील अंधुक उजेडात कामी येतो तो सेन्सरचा आकार. स्वस्त कॅमेऱ्यांत तो बहुधा ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने चौपट असतो. २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स१०० मध्ये तो आहे आणि वजन सुमारे २४० ग्रॅम. असा वापरलेला कॅमेरा बॅटरी व भिंगाची हालचाल तपासून, पावतीसह घेतल्यास काटकसर साधते.

लालबागच्या काचगृहातील दूरची फुले टिपण्यास ऑप्टिकल झूम पाहावा. डिजिटल झूम चित्राचा तुकडा मोठा करतो, नवा तपशील देत नाही.

खर्चात दोन मेमरी कार्डे धरावीत: एक कामाचे, एक घरचे. ग्राहकाच्या मालमत्तेचे छायाचित्र घरच्या अल्बममध्ये जाणे हा विश्वासभंगच होय. पाहणीपूर्वी कॅमेऱ्यातील तारीख तपासावी आणि कामाची छायाचित्रे त्याच दिवशी कार्यालयीन संगणकावर उतरवून घ्यावीत.