पाणी निवत होते, ग्राफ मात्र आडवाच



मागच्या विज्ञान प्रदर्शनात अकरावीच्या टेबलापाशी जे झाले ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले. बीकरमध्ये गरम पाणी, पाण्यात तापमानाचा सेन्सर, सेन्सर आर्डुइनो बोर्डाला आणि बोर्ड लॅपटॉपला जोडलेला. गरम पाणी आधी भराभर निवते, मग हळूहळू. तो उतरता वक्र पडद्यावर आपोआप उमटणार होता. उमटली ती जवळजवळ आडवी रेघ. शेजारी धरलेला साधा थर्मामीटर मात्र ८० अंशांवरून ७० च्या खाली आला होता.

प्रयोग मांडणाऱ्या विद्यार्थिनीला आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "बेटा, सेन्सर खराब आहे. वहीत पुस्तकातला ग्राफ काढून टाक." तिने तसे केले. एका विश्वस्तांनी तिथेच महागडे तयार किट घेण्याचा विषय काढला. पुढच्या आठवड्यात फिजिक्सच्या बाई आणि तीच विद्यार्थिनी चार दुपारी प्रयोगशाळेत बसल्या, आम्हीही बसलो. सेन्सर उत्तम होता. आमचे बोलणे चुकले होते, आणि तिच्या वहीत आमच्या सांगण्यावरून एक खोटा ग्राफ गेला होता. म्हणून या अंकात हा पाठ.

पहिली गोष्ट: ग्राफ बिघडला की आधी ग्राफ बंद करा आणि आकडे पाहा. पाण्याची उष्णता पडद्यापर्यंत येताना चार हातांतून जाते. सेन्सर तिचे व्होल्टेज करतो, बोर्ड त्या व्होल्टेजचा आकडा करतो, यूएसबीची तार तो आकडा नेते आणि शेवटी सॉफ्टवेअर त्याचा ठिपका काढते. आमचा एलएम-३५ सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ८० अंशांना ८०० मिलिव्होल्ट. सिरियल मॉनिटर उघडून आम्ही नुसते आकडे पाहिले, तर ते व्यवस्थित उतरत होते. म्हणजे पाणी निवत असल्याचे बोर्डाला ठाऊक होते, पडद्यालाच दाखवता येत नव्हते.

का? आम्ही वापरलेल्या आर्डुइनो आयडीई २ च्या प्लॉटरमध्ये एका वेळी फक्त शेवटचे ५० ठिपके दिसतात. आम्ही दर सेकंदाला एक आकडा पाठवत होतो, म्हणजे पडद्यावर फक्त ५० सेकंद. एवढ्या वेळात पाणी दोनेक अंश निवते. त्यातच पट्टी हलू नये म्हणून आकड्यासोबत ० आणि १०० असे दोन स्थिर आकडेही पाठवले होते. शंभराच्या पट्टीवर दोन अंशांचा उतार डोळ्यांना आडवाच दिसणार. आगगाडीच्या खिडकीतून डोंगराचा हातभर तुकडा पाहून डोंगर सपाट आहे म्हणावे, तशी आमची गत झाली. दर २० सेकंदांनी एक आकडा पाठवला तेव्हा ५० ठिपक्यांत १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद मावली, आणि वक्र दिसू लागला.

मग मुलीने ते ० आणि १०० काढून टाकले, आणि नवीनच तक्रार उभी राहिली. रेघेचा जिना झाला! स्थिर आकडे नसले की प्लॉटर दिसणाऱ्या आकड्यांपुरती उभी पट्टी ताणतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची पायरीसुद्धा मोठी दिसते. पायरी मात्र खरीच होती. या बोर्डावर ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग होतात. एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा, म्हणजे जवळपास अर्ध्या अंशाचा. मधले काही बोर्डाला दिसतच नाही. हा दोष नव्हे, ही मोजपट्टीवरच्या खुणांची जाडी आहे.

याच दुपारी बाईंनी एक चाचणी करून घेतली, ती सर्वांनी वहीत लिहून ठेवावी. सेन्सरची तार काढून बोर्डाची ए-झिरो पिन आधी ग्राउंडला जोडा: आकडा ० आला पाहिजे. मग ती ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडा: ६७५ च्या आसपास आला पाहिजे. (काहीच जोडले नाही तर आकडे मन मानेल तसे नाचतात. तार सैल असली की अगदी असाच ग्राफ दिसतो.) आमच्याकडे ० बरोबर आला, पण ६७५ ऐवजी ७१९ आला. मल्टिमीटर लावून पाहिले तर लॅपटॉपच्या पोर्टमधून ५ ऐवजी ४.७ व्होल्टच येत होते. बोर्ड स्वतःचा पुरवठाच पूर्ण माप समजून भाग पाडतो. माप आखूड झाले की आकडा फुगतो, म्हणून ८० अंशांचे पाणी ८५ दिसत होते.

दोन्ही तक्रारींवर एकच उपाय निघाला. या बोर्डात स्वतःचा १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो. तो प्रोग्रॅममध्ये निवडला की पोर्ट किती व्होल्ट देतो याचा फारसा संबंध उरत नाही आणि पायरी सुमारे ०.११ अंशाची होते. वरची मर्यादा ११० अंशांवर येते; उकळत्या पाण्याला ती पुरेशी आहे. फक्त वरची चाचणी हा संदर्भ निवडण्यापूर्वी करावी.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला एका लाटेने. बारकाईने पाहावे म्हणून सेकंदाला १० आकडे घेतले, तर दर १० सेकंदांनी एक मंद लाट वर-खाली जाऊ लागली. पाणी कुणी ढवळत नव्हते. बाईंनी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि लाट खूप लहान झाली. विजेच्या पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या थोडी अलीकडे-पलीकडे असते. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे हिला 'आवृत्ति' म्हणत. वर्गात चुकून तोच शब्द गेला की मुले विचारतात, "सर, कितवी आवृत्ती?") समजा ती ४९.९ आहे. दोन वाचनांमधल्या ०.१ सेकंदात ४.९९ फेरे होतात, म्हणजे प्रत्येक वाचन फेऱ्याच्या शंभराव्या भागाने मागे सरकते. १०० वाचनांत, म्हणजे १० सेकंदांत, एक पूर्ण लाट तयार होते. सिनेमात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातला प्रकार. एक फेरा २० मिलिसेकंदांचा आणि एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदाचे, म्हणून लागोपाठ २०० वाचनांची सरासरी काढून एकच आकडा पाठवला. फेऱ्यातला चढ-उतार एकमेकांत मिटला, लाट गेली.

पडदा अगदी कोराच असेल तर कारणे बहुधा साधी असतात. प्रोग्रॅममध्ये ९६०० आणि खिडकीत ११५२०० असा वेग जुळत नाही, चुकीचे पोर्ट निवडले आहे, किंवा आकड्यानंतर नवी ओळ पाठवायची राहिली आहे.

प्लॉटरमध्ये 'इंटरपोलेट' नावाचे एक बटणही आहे. ते दाबले की ठिपक्यांमधून गुळगुळीत वक्र जातो. दिसायला सुरेख, पण दोन ठिपक्यांमध्ये आपण काहीच मोजलेले नसते. आमच्या प्रयोगशाळेत ते बंद राहील. प्लॉटर काही साठवूनही ठेवत नाही, तेव्हा मूळ आकडे मॉनिटरमधून फाइलमध्ये उतरवावेत आणि वहीतला ग्राफ त्यांवरूनच काढावा. वही तपासताना बाई ती फाइल मागतील.

महागड्या किटचा प्रस्ताव आम्ही तूर्त मागे ठेवण्याची विनंती मंडळाला केली आहे. एक चांगला मल्टिमीटर मात्र हवा. परवाचा बाईंनी घरून आणला होता.

त्या विद्यार्थिनीने प्रयोग पुन्हा केला. वहीतले जुने पान आम्ही तिच्यासमोर लाल रेघेने रद्द केले आणि खाली सही केली. नव्या ग्राफमध्ये बाराव्या मिनिटाला वक्र एकदम जास्त खाली वळतो. तो दोष कुठला, म्हणून आम्ही पुन्हा तारा तपासायला निघालो होतो. तिने थांबवले. "सर, तेव्हा काकांनी पंखा लावला होता." तशी टीप तिने ग्राफशेजारी पेन्सिलने आधीच लिहून ठेवली होती.