गोदाघाटाची वाट आणि पुराची रेषा

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. या दीर्घ प्रवासात तिच्या काठी वसलेले पहिले मोठे शहर नाशिक होय. उजव्या तीरावर जुने नाशिक, डाव्या तीरावर पंचवटी आणि मध्ये दगडी घाट अशी या शहराची मूळ रचना आहे. अहल्यादेवी होळकर पुलापासून तपोवनाकडे जाणारा काठ कोणासही सहज चालत पाहता येतो. वाटेत म्हणण्यासारखा चढ नाही. वृद्धांना आणि प्राथमिक शाळेतील मुलांनाही ती झेपते.

वाट सोपी का आहे, हा प्रश्न मात्र चालणाऱ्याने स्वतःस विचारावा. ती सपाट आहे, कारण नदीनेच ती सपाट केली आहे. पावसाळ्यात पात्र ओलांडून पाणी पसरते, गाळ टाकते आणि ओसरते. उरलेल्या आठ महिन्यांत माणूस जेथे चालतो, बाजार भरवितो, कपडे वाळत घालतो, ती जागा नदीच्या हक्काची असते. गोदाघाटावर बुधवारी भरणारा आठवडे बाजार हे याचे चांगले उदाहरण आहे. भाजीवाल्याची पाटी आणि ताडपत्री घटकाभरात उचलता येते. पक्क्या गाळ्याला ती सोय नसते.

पुलापासून थोड्याच अंतरावर रामकुंड लागते. येथे नदी वळण घेऊन दक्षिणेकडे वाहू लागते. रामकुंडाखाली लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड अशी कुंडांची रांगच आहे. जुन्या बांधकामांकडे येथे जरा थांबून पाहिले पाहिजे. कुंडे, पायऱ्या, ओटे, लहान देवळ्या ही खालची बांधकामे पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेली आहेत. घट्ट बसविलेल्या दगडावरून पूर निघून जातो. नंतर गाळ धुतला की घाट पुन्हा वापरात येतो. कपालेश्वराचे देऊळ मात्र उंच पायऱ्यांवर आहे. या देवळात शंकरासमोर नंदी नाही, एवढे बहुतेक यात्रेकरूंना ठाऊक असते. पायऱ्या इतक्या उंच का, हे सहसा कोणी विचारीत नाही. १९३० च्या सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदले गेलेले काळाराम मंदिरही घाटापासून वर, वस्तीत आहे.

नदीच्या अगदी लगत असलेले मोठे देऊळ म्हणजे नारोशंकराचे. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते बांधविले. त्याच्याभोवती तटबंदीसारखी भक्कम भिंत आहे आणि नदीकडच्या बाजूस प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. घंटेवर १७२१ हे साल असून वसईच्या १७३९ मधील विजयाची ती खूण मानली जाते. नाशिककरांनी या घंटेस आणखी एक काम दिले आहे. पाणी घंटेपर्यंत पोहोचणे म्हणजे महापूर, असा येथील संकेत आहे.

परंतु नाशिकची खरी पूरमापक पट्टी म्हणजे पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या पायांना लागले, गुडघ्यापर्यंत आले, कमरेला लागले, छातीवर गेले, या शब्दांत शहर पुराची बातमी एकमेकांस सांगते. काठावरील दुकानदार माल कधी हलवावयाचा ते त्यावरून ठरवितो. धरणातून इतके क्यूसेक पाणी सोडले, हे सरकारी निवेदन अचूक असते खरे. पण ते ऐकणाऱ्यास पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत येईल की नाही, हे त्यातून कळतेच असे नाही. एक क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर. दहा हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी. हा आकडा मारुतीच्या कोणत्या अवयवाशी जुळतो, हे ज्याला माहीत त्यालाच निवेदनाचा खरा उपयोग.

येथे आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. शहराच्या वर गंगापूर धरण आहे, म्हणून पूर सर्वस्वी धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे, असा समज आढळतो. धरण आणि शहर यांच्या दरम्यान पडणारा पाऊस, नाले व ओढे यांचे पाणीही नदीतच येते. यामुळे धरणातील विसर्गापेक्षा होळकर पुलाखालील प्रवाह मोठा असू शकतो. वस्ती वाढली, जमीन सिमेंटने झाकली गेली, की हे पाणी अधिक वेगाने येते.

१९६९ चा महापूर जुन्या पिढीच्या बोलण्यात दीर्घकाळ राहिला. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी नदी घाट सोडून बाजारपेठेत शिरली. वरच्या अंगास आनंदवलीच्या बाजूने नागरिकांना फिरण्यासाठी गोदापार्क उभारण्यात आले, त्याचीही पुरांनी मोडतोड केली. फिरण्याची वाट नदीकाठी असावी यात गैर काही नाही. दिवे, कठडे, कारंजी, फरशा यांनी ती सजविली की दर मोठ्या पुरानंतर खर्च नव्याने करावा लागतो. घाट बांधणाऱ्यांना हा हिशेब कळला होता.

शासनाच्या जलसंपदा विभागाकडून नद्यांच्या दोन पूररेषा आखल्या जातात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्र बांधकामास निषिद्ध असते. निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्रात बांधकामावर नियंत्रण असते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी बराच घोटाळा होतो. गेल्या वर्षी येऊन गेला, आता नातवाच्या काळात येईल, असा त्याचा अर्थ नाही. अशा पुराची शक्यता प्रत्येक वर्षी शेकडा एक इतकी असते. तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या घराच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा २६ होते. पंचवीस वर्षांच्या पुराबाबत हाच आकडा शेकडा ७० वर जातो. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकास हे उदाहरण फळ्यावर सोडवून घेता येईल. बांधकाम परवानगीच्या अर्जावर सही करणाऱ्यानेही ते एकदा सोडवावे.

घाट मागे पडला की वाट तपोवनाकडे जाते. तेथे कपिला गोदावरीस मिळते. त्याखाली, समर्थ रामदासांच्या तपश्चर्येचे स्थान असलेल्या टाकळीजवळ नासर्डी अथवा नंदिनी येऊन मिळते आणि शहराने वापरून टाकलेल्या पाण्याचा भारही नदीवर वाढतो. निफाड तालुक्यातील सायखेडा, चांदोरी या गावांना नाशिकचा पूर काही तासांनी गाठतो. त्याखाली कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. येथील पाणथळ जागेस २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. शहरातील घाटावरचे निर्णय असे खालच्या गावांच्या शिवारापर्यंत पोहोचतात. म्हणून या गावांच्या पंचायत सदस्यांनीही एकदा वरचा काठ पाहून ठेवणे उपयोगाचे आहे.

सहल नेण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यात पाणी सोडण्याची सूचना असेल त्या दिवशी मुलांना घाटावर उतरू देऊ नये. विद्यार्थ्यांनी सोबत दोरी व मोजपट्टी घ्यावी. मारुतीच्या कमरेच्या पातळीत काठावर उभे राहून समोरची किती दुकाने, किती पायऱ्या, किती विजेच्या पेट्या त्या पातळीखाली येतात, याची नोंद वहीत करावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी या काठावर लाखो भाविक उतरतील. पर्वण्यांचा हंगाम पावसाळ्यातच येतो, तेव्हा अशा नोंदींची एक प्रत महानगरपालिकेकडे गेल्यास तिचा उपयोग होईल.