हलगीवाला

मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, तमाशांचे फड आणि वाघ्या-मुरळींची गाणी यांनी माळ गजबजून जातो. त्या गर्दीत कोठूनतरी हलगीचा कडकडाट ऐकू येतो आणि चालणाऱ्यांची पावले नकळत तालावर पडू लागतात.

हलगी दिसावयास अगदी साधी. एक कडे व त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हातात बारीक, लवचीक काडी. दमट हवेत कातडे सैल पडते व आवाज बसतो. मग वादक चार चिपाडे पेटवून हलगी जाळावर शेकतो. कातड्यातील ओलावा उडून जातो, ते आक्रसते आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. वरात खोळंबली तरी चालेल. पण सैल हलगी वाजविणे जाणत्या वादकास रुचत नाही.

नवशिका वादक आपल्या हातांकडे पाहतो. मुरलेला वादक समोरच्यांच्या पायांकडे पाहतो. म्हातारी माणसे नाचू लागली की तो लय आवरती घेतो. तरुण पुढे सरसावले की ती चढवितो. एखादा लाजरा मुलगा कडेला उभा दिसला, तर त्याच्यापुढे जाऊन असा काही ठेका धरतो, की तो पोर हसत हसत मेळ्यात शिरतो! लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्या रंगतात. अशा फडात हीच हलगी मल्लांना आवेश चढविते.

मात्र या आनंदाच्या मागे एक दुःखही आहे. हलगी वाजविणे हे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजावर लादलेले गावकीचे काम होते. ज्यांच्या तालावर सारा गाव नाचे, त्यांना त्याच गावाच्या पंक्तीत जागा नसे. म्हणून काहींनी हलगी खाली ठेविली, तर काहींनी ती आपली कला म्हणून अभिमानाने जपली.

आता पुष्कळ वरातींत ध्वनिक्षेपकांच्या भिंती येतात व त्यांमागे 'डीजे' उभा असतो. डीजे म्हणजे ध्वनिमुद्रित गाणी निवडून वाजविणारा. या कलेतही नाचणाऱ्यांकडे पाहावेच लागते. 1973 साली न्यूयॉर्कमध्ये कूल हर्क नावाचा तरुण डीजे घरगुती मेळाव्यांत गाणी लावू लागला. गाण्यातील केवळ ढोलताशांसारखा ठेका वाजू लागला की लोक अधिक रंगून नाचतात, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आळीपाळीने फिरवून तो तेवढाच भाग लांबवीत नेई. हलगीवाल्यास यंत्र लागत नाही. पाय थकेनात, तोवर तो ठेका सोडत नाही.

वरात मांडवाशी पोहोचते. नाचणारे घाम पुसत जेवणाकडे वळतात. वादकाच्या मनगटावर कड्याचा वळ उठलेला असतो. तो हलगी खांद्याला अडकवितो आणि उद्याच्या वरातीचे गाव कोणते, हे सोबत्यास विचारतो.